पांढरं पोळं

आठव्या दिवशीही पाऊस उघडला नाही, तेव्हा तिने डोक्यावर पोतं घेतलं आणि मधमाशांच्या पेट्या बघायला बाहेर पडली.

संत्र्याच्या बागेच्या कडेने अठरा पेट्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येक पेटी चार दगडांवर, झाकणावर पत्रा, पत्र्यावर धोंडा. तिने पहिल्या पेटीच्या मागे हात घातला आणि ती बोटभर वर उचलली. पावसात झाकण उघडायचं नसतं, आत काय आहे ते हातालाच विचारायचं असतं. पहिली जड लागली, दुसरी बरी होती, तिसरी तशीच. सातवी मात्र रिकाम्या टोपलीसारखी वर आली. पेटीच्या दारापुढच्या फळीवर मेलेल्या माशांचा थर साचला होता. एक तिने तळहातावर घेतली. सोंड बाहेर आलेली होती. भुकेने माशी सोंड बाहेर काढून मरते, हे तिला धुरकटनेच दाखवलं होतं.

धुरकट म्हणजे तिचा नवरा. वीस वर्षं धुराचा डबा हातात घेऊन माशांमध्ये वावरल्यामुळे त्याच्या केसांना, कपड्यांना, उशीलासुद्धा धुराचा वास यायचा, म्हणून सगळे त्याला तसंच हाक मारायचे. गेल्या महिन्यात भरलेली पेटी उचलताना त्याच्या कंबरेत काहीतरी कट्कन वाजलं आणि तेव्हापासून तो घरात फळ्यांवर पाठ टेकून पडला होता. उठायचा तो भिंत धरून.

"काय म्हणताहेत?" ती दारातून आत आली तशी त्याने विचारलं.

"बऱ्या आहेत."

"वजन?"

"आहे."

"साखर दाखवू नकोस बरं का. वरचे कप्पे चढवलेले आहेत. एक थेंब गेला तरी कप्पे बाटले."

"माहीत आहे मला."

तिला माहीत होतंच. खालच्या पेटीत माशांचा संसार, वरच्या कप्प्यात दुकानवालीचा मध. ही दुकानवाली शहरातली. तिला बाटलीतला मध नको होता, पोळ्यासकट हवा होता. कापलेला चौकोनी तुकडा, पारदर्शक डबीत, वरची मेणाची टोपणं न फुटलेली. म्हणून धुरकटने वरच्या चौकटींत तार न ओवता कागदाइतके पातळ मेणपत्रे बसवले होते. दोनशे डब्या द्यायच्या होत्या. दिल्या तर दर हंगामात दुकानवाली येणार होती आणि पेट्या घरी राहणार होत्या. नाही दिल्या तर ट्रकवाला टपलेलाच होता. त्याच्या स्वतःच्या दोनशे पेट्या होत्या. या अठराही उचलतो म्हणाला होता, वर धुरकटला गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसवतो म्हणाला होता. त्या रात्री धुरकट जेवला नव्हता.

तिने चुलीवर पातेलं चढवलं. टंचाईच्या दिवसांसाठी ठेवलेलं साखरेचं पोतं ओढून आणलं. नणंद दळण निवडत बसली होती. धुरकटपेक्षा दहा वर्षांनी मोठी, नवरा गेल्यापासून इथेच असायची.

"वन्सं, यांना सांगू नका."

"मला काय दिसतंय, वहिनी? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तू चहा करतेस असं समजते मी." आणि मग गहू पाखडत म्हणाल्या, "एवढ्या जणींना चहा म्हणजे मोठीच पाहुणचाराची हौस."

ज्या पेट्या हाताला हलक्या लागल्या होत्या, त्या सात पेट्यांत तिने दारातून उथळ वाट्या सरकवून साखरेचा पाक ठेवला. वाटलं होतं, जीव जगवण्यापुरता पितील आणि संपेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाट्या चाटूनपुसून कोरड्या होत्या. तिने पुन्हा भरल्या. तिसऱ्या दिवशीही भरल्या. दाराशी मेलेल्या माशा दिसेनाशा झाल्या, आणि तिला इतकं हायसं वाटलं की, आपण काय करतोय हे तिने स्वतःला विचारलंच नाही. पाऊस आणखी पाच दिवस राहिला. पाचही दिवस ती पाक देत राहिली.

मग एका सकाळी ऊन पडलं. बागेत कळ्या फुटल्या आणि वाऱ्याबरोबर असा वास आला की वन्संनी हातातलं सूप खाली ठेवलं.

*

नऊ दिवसांनी त्यांनी वरचे कप्पे उतरवले. त्यांनी म्हणजे तिने. धुरकट स्टुलावर हात रोवून लांबून सांगत होता.

"धूर कमी. कमी! मेणाला वास धरेल."

"दोनच झोत दिले."

"एकच दे. आता फुंकर मार आणि हलक्या हाताने झाड."

तिने ब्रशने माशा झाडल्या. मनगटावर दोन डंख बसले, ते नखाने खरवडून काढले आणि चौकट उन्हात धरली. आरपार उजेड आला. एक टोपण फुटलेलं नाही, एक घर रिकामं नाही. दुधासारखं पांढरं.

"कितवी?"

"सातवी."

"सातवी?" धुरकट हसला. महिन्याभरात पहिल्यांदा. "सर्वांत मरतुकडी होती की गं ही!"

ती पुढच्या चौकटीकडे वळली. पाक दिलेल्या सातही पेट्यांचं तसंच होतं. बाकीच्या अकरा पेट्यांत चौकटी अर्ध्याच भरलेल्या होत्या, कडेची घरं उघडी, टोपणं पिवळसर. पावसात त्यांनी जपून खाल्लं होतं, आणि ऊन पडल्यावर जे आणलं ते फुलांचं होतं. त्याला वेळ लागतो.

कापायचं काम घरात, दारं-खिडक्या लावून. फटींना वन्संनी ओल्या चिंध्या कोंबल्या, नाहीतर माशा आपला माल ओळखून आत येतात. आत भट्टी झाली होती. टेबलाशी धुरकट उभा होता, पोटाशी पट्टा आवळून. खाली वाकता येत नव्हतं, पण हात ठीक होते. दोन सुऱ्या गरम पाण्यात. एक काढायची, फडक्याने कोरडी करायची, लाकडी माप ठेवायचं आणि एका दमात खाली ओढायची. सुरी थांबली की पोळं दबतं आणि मध रडायला लागतो. ती तुकडे उचलून तारेच्या जाळीवर ठेवत होती. कापलेल्या कडा रात्रभर निथळाव्या लागतात, नाहीतर डबीत तळाशी मध साचतो आणि दुकानवाली तोंड वाकडं करते.

आधी पिवळ्या चौकटी झाल्या. एका चौकटीतून जेमतेम एक तुकडा धड निघत होता. सुरीवर राहिलेलं धुरकट बोटाने पुसून तोंडात घालत होता. "अहाहा," म्हणत होता. "फूलच्या फूल उतरलंय बघ."

मग सातवीची चौकट आली. सुरी लोण्यातून गेल्यासारखी गेली. दोन तुकडे, कोपरे काटकोनात. त्याने बोट पुसलं आणि तोंडात घातलं.

सुरी त्याच्या हातात तशीच राहिली.

दुसऱ्यांदा बोट पुसलं. या वेळी डोळे मिटून. ती जाळीपाशी तशीच उभी राहिली. हातातला तुकडा ठेवायचं तिला सुचेना.

"अक्का," तो बहिणीला म्हणाला, "जरा बाहेर जा."

"दार उघडलं तर माशा येतील," वन्सं म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

"किती दिवस दिलास?" त्याने बायकोला विचारलं.

"सहा. नाही, आठ."

"किती पेट्यांना?"

"सात."

त्याने सुरी पाण्यात ठेवली. भांड्यातलं पाणी हललं, तेवढाच आवाज.

"मरत होत्या हो," ती म्हणाली. "सोंडा बाहेर काढून पडल्या होत्या. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीसुद्धा..."

"मी पाहिलं असतं तर आधी वरचे कप्पे उतरवले असते! मग द्यायचा काय तो पाक. एवढं साधं. एवढं साधं कळलं नाही तुला?"

तिला खरंच कळलं नव्हतं. कप्पा उतरवायचा, मग पाक द्यायचा. आठ दिवसांत एकदाही ते तिच्या मनात आलं नव्हतं. डोळ्यांपुढे फक्त त्या सोंडा होत्या.

"आता ओरडू नकोस तिच्यावर," वन्सं म्हणाल्या. "तू पडलायस फळीवर. हुकूम सोडायला तोंड आहे, उचलायला कंबर नाही."

धुरकटने बहिणीकडे पाहिलं, मग टेबलाची कड धरली. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. तो पुसायलाही त्याने हात उचलला नाही.

"पिवळ्यांचे किती झाले?"

"नव्वद."

"आणि या सातांचे होतील एकशे दहा-बारा." त्याने सुरी पुन्हा उचलली, फडक्याने पुसली. "पुढची चौकट दे."

"अहो..."

"दे म्हणतो ना."

तिने दिली. तो कापत गेला. बोट मात्र त्याने पुन्हा तोंडात घातलं नाही.

*

तुकडे पिशव्यांत बंद करून दोन दिवस बर्फवाल्याच्या थंड पेटीत ठेवून आणले. मेणात किड्याची अंडी असली तर ती गोठून मरतात. मग पिशव्या बंद ठेवूनच तुकडे कोमट होऊ दिले, डब्यांत भरले, चिठ्ठ्या डकवल्या. चिठ्ठी दुकानवालीने छापून पाठवली होती. तिच्यावर संत्र्याचं फूल होतं. नव्वद चिठ्ठ्या तिने सरळ डकवल्या. एक्याण्णवावीपासून हात अडखळायला लागला. एकीची घडी पडली, एक तिरकी लागली. ती नखाने काढायला गेली तर फूल अर्धं फाटलं.

"अशाने संपायचं नाही," वन्सं म्हणाल्या. "आण इकडे. मला फूल दिसतही नाही."

दुकानवाली व्हॅन घेऊन आली ती दुपारी. नीटनेटकी बाई, बोलणं गोड, पायांत पांढरे बूट. अंगणातल्या चिखलातून टाचा उचलत आत आली. टेबलावर डब्यांच्या उतरंडी लावलेल्या होत्या. धुरकट खुर्चीत बसला होता. उठता येत नाही, असं दोनदा म्हणाला.

"बसा हो, बसा." तिने एक डबी उचलून उजेडात धरली. सातवीची होती. "अगंबाई! हे काय सुंदर आहे. हे तर दागिन्यासारखं दिसतंय." दुसरी उचलली. तीही पांढरी. तिसरी पिवळसर निघाली. "हे जरा... मळकट वाटतंय नाही?"

"तो खरा..." धुरकट म्हणाला आणि थांबला.

"खरा काय?"

"पहिल्या बहराचा आहे," तो म्हणाला.

बायको भिंतीशी उभी होती. पदराचा शेव बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं. दुकानवालीने चमचा मागितला, पांढऱ्या तुकड्याचा कोपरा कापला आणि चघळला. "छान. हलका आहे. घशाशी येत नाही."

तेव्हा ती बोलली. आपण बोलणार आहोत हे तिला शब्द तोंडातून निघेपर्यंत ठाऊक नव्हतं.

"बाई, त्यात साखर आहे."

"मधात साखर असतेच की."

"तशी नाही. पावसात मी त्यांना पाक घातला होता. तो त्यांनी वर नेऊन भरला. यांचा दोष नाही. यांनी मला बजावलं होतं. फुलांचा आहे तो पिवळा. हा नाही."

धुरकटने मान खाली घातली. वन्संचं सूप दाराआड थांबलं.

दुकानवालीने चमचा बशीत ठेवला. एकदा डबीकडे पाहिलं, एकदा चिठ्ठीकडे. आता ही व्हॅनचं दार आपटून जाणार, आणि उद्या सकाळी ट्रकवाला दोर घेऊन दारात उभा, असं तिच्या डोळ्यांपुढे आलं. आणि नवल म्हणजे तिला जरा मोकळं वाटलं.

"भरला माशांनीच ना?" दुकानवालीने विचारलं.

"हो."

"मेण त्यांचंच?"

"त्यांचंच."

"मग झालं तर." दुकानवालीने रुमालाने बोटं पुसली. "अहो, दुकानात गिऱ्हाईक जीभ घेऊन येत नाही, डोळे घेऊन येतं. हे काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवलं की संध्याकाळपर्यंत उरत नाही." तिने आवाज खाली आणला. "आणि मला एक सांगा. हे असं पुन्हा होतं का? म्हणजे, ठरवून?"

बंद खिडकीवर बाहेरून एक माशी धडका देत होती.

"मला महिन्याभरात आणखी तीनशे हवेत. सगळे असे पांढरे. हे दुसरे..." तिने पिवळ्या डब्यांवरून हात फिरवला, "यातले बरे चाळीस घेते. बाकीचे घरी खा तुम्ही. मुलाबाळांना द्या."

मूलबाळ त्या घरात नव्हतं. वन्सं आतून काहीतरी पुटपुटल्या.

"तुमच्याकडून होत नसेल तर सांगा," दुकानवाली म्हणाली. "तो मोठा ट्रकवाला आहे ना, तो केव्हाचा मागे लागलाय माझ्या."

"होईल," धुरकट म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तो व्हॅनकडे पाहत होता.

डब्या तिनेच व्हॅनमध्ये चढवल्या. पन्नास डब्या टेबलावर उरल्या. त्यांचा वास इतका होता की दार उघडताच दहा-बारा माशा आत शिरल्या आणि थेट त्यांच्यावर जाऊन बसल्या.

संध्याकाळी भाकरी मोडताना धुरकट म्हणाला, "बोललीस ते बरं केलंस. आता चोरी राहिली नाही. तिला माहीत आहे."

"आणि जो विकत घेऊन खाईल त्याला?"

तो जेवत राहिला.

"कोणी आजारी माणसासाठी नेईल हो. म्हाताऱ्या आईसाठी नेईल."

"गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसू मी? सांग. बसतो. उद्यापासून बसतो." घास त्याच्या हातातच राहिला होता. "मला दुसरं काय येतं? वीस वर्षांत दुसरं काय शिकलो मी?"

वन्संनी त्याच्या पानात भाजी वाढली.

*

नवे मेणपत्रे बसवून तिने वरचे कप्पे पुन्हा चढवले आणि या वेळी त्याच्या सांगण्यावरून अठराच्या अठरा पेट्यांत पाक ठेवला. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर वाट्या काठोकाठ तशाच. वाटलं, पाक घट्ट झाला असेल. पातळ केला. तिसऱ्या दिवशीही तशाच. चौथ्या दिवशी पाक आंबला, त्यात मुंग्या तरंगत होत्या.

पेट्यांच्या दाराशी मात्र गर्दी मावत नव्हती. बहर ऐन भरात आला होता. माशा बागेतून येत होत्या त्या पोटं लोंबत, अंगभर पिवळी धूळ, काहींना दारात उतरतानाच धाप लागत होती. वाटीवरून चालत जात होत्या, वाकूनही बघत नव्हत्या.

ती घरात आली. "घेत नाहीत."

"घेतील."

"का घेतील? बाहेर फुलं असताना?"

तो फळ्यांवर आढ्याकडे बघत पडला होता. ती बोलली ते त्यालाही ठाऊक होतं, तिच्या आधीपासून ठाऊक होतं.

"मग हलवू," तो म्हणाला.

"काय?"

"पेट्या. टेकडीपलीकडे दगडाची खाण आहे, तिथं नेऊ. दूधवाल्याशी बोलतो, त्याचा टेम्पो संध्याकाळी रिकामाच असतो." तो एकेक शब्द निवडून टाकत होता. "तिथं काही उगवत नाही. तिथं घेतील."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. याच बागेच्या कडेला जागा मिळावी म्हणून हा माणूस दोन वर्षं बागवाल्याच्या मागे फिरला होता. फुलं आली की पहाटे उठून नुसता वास घ्यायला दारात उभा राहायचा.

"अहो, बहर आहे," ती म्हणाली. "बहरातून काढायच्या?"

"बहर संपायला तीन आठवडे. दुकानवालीला महिन्यात हवेत. हिशेब तू कर."

"ती ट्रकवाल्याकडे गेली तर जाऊ दे."

"आणि पेट्या?"

पेट्यांसाठीच तर सगळं होतं.

दूधवाला दिवस कलताना आला. टेम्पो बांधाशी उभा करून बिडी ओढत बसला. "वहिनी, माझ्या दुधाला चावल्या तर दही होईल हां," म्हणून एकटाच हसला. सूर्य बागेमागे गेला होता, पण आभाळात उजेड होता. माशा घरी आल्याशिवाय दारं बंद करता येत नाहीत. ती जाळीच्या पट्ट्या घेऊन पहिल्या पेटीशी उकिडवी बसली.

"झालं का?" धुरकट काठी टेकत आला होता.

"अजून येताहेत."

तो थांबला. थोड्या वेळाने म्हणाला, "आता?"

"अजून येताहेत."

खरंच येत होत्या. एक, मग दोन, मग पुन्हा एक. काळोखाच्या आधी शेवटची खेप. दारात उतरायच्या, क्षणभर पंख हलवायच्या आणि आत जायच्या.

"दूधवाला थांबायचा नाही रात्रभर. लाव पट्टी."

तिने पट्टी मांडीवर ठेवली. "मी नाही उचलणार," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही म्हणाल ते सगळं केलं. पाक केला, डब्या भरल्या. हे नाही करणार. यांना फुलांतून उचलून दगडांत नेऊन टाकायचं, हे माझ्या हातून व्हायचं नाही."

धुरकट तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने काठी संत्र्याच्या खोडाला टेकवून ठेवली. तिच्या मांडीवरची पट्टी घेतली, पाय फाकवून, दातओठ खाऊन वाकला आणि पेटीच्या दाराला लावली. वाकला तसा त्याच्या घशातून एक आवाज निघाला. तो पुन्हा सरळ झालाच नाही. तसाच अर्धा वाकलेला राहून त्याने पेटीच्या दोन्ही बाजूंना हात घातले.

"अहो, नको."

पेटी चार बोटं वर आली. त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या. आत सगळ्या माशा एकदम घुमल्या. पेटी एका बाजूला कलायला लागली आणि तरी तो सोडेना. डोळे मिटून तोंडाने श्वास घेत उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

ती उठली. पलीकडच्या बाजूला गेली आणि पेटीखाली हात घातला.

"सोडा," ती म्हणाली. "मी धरलंय. माझ्याकडे द्या भार."

दोघांनी पेटी बांधापर्यंत नेली. ती उलट्या पावलांनी चालत होती, म्हणून तिला त्याच्या मागचं सगळं दिसत होतं. पेटीच्या जागी ओल्या जमिनीवर चार दगड उरले होते. बागेतून उशिरा आलेल्या पाच-सहा माशा त्या दगडांवर, जिथे दार असायचं तेवढ्याच उंचीवर, घिरट्या घालत होत्या. एक खाली उतरत होती, पाय टेकायला काही नाही म्हणून वर जात होती, पुन्हा उतरत होती.

"जपून," धुरकट म्हणाला. "तुझ्या मागे खड्डा आहे."

"दिसतंय मला," ती त्या दगडांवरून नजर न काढता म्हणाली.